बोट कोणत्या फलाटावर लागते?

माझ्या बायकोच्या मामांनी उभ्या आयुष्यात एकाही पाहुण्याला आपल्या पायांनी नागपुरात शिरू दिलं नाही. तिखटमीठ लावून सांगतोय असं वाटेल, पण मी हे भोगलेलं आहे. बायको लहानपणापासून त्यांच्याच घरी वाढलेली, त्यामुळे माझी सासुरवाडी म्हणजे नागपूरच्या महाल भागातलं त्यांचं घर. लग्नानंतर पहिल्यांदा अमरावतीहून तिकडे निघालो, तर आठ दिवस आधी मामाजींचं चार पानी पत्र हजर. त्यात खुशालीचं एक अक्षर नव्हतं. कोणत्या डब्यात बसावं, कोणत्या बाजूच्या दारानं उतरावं, उतरल्यावर घड्याळाखाली कसं उभं राहावं आणि उभं असताना कोणाकोणाशी बोलू नये, याची यादी होती. सोबत स्टेशनापासून घरापर्यंतचा नकाशा होता, आणि नकाशातल्या प्रत्येक वळणाशी लाल शाईनं लिहिलेलं होतं, 'येथे कोणासही विचारू नये.' रस्ता विचारणारा माणूस हमखास लुबाडला जातो, असं त्यांचं मत होतं. स्वतः त्यांनी जन्मात कोणाला रस्ता विचारला नव्हता. तुम्ही मला घ्यायला येणारच आहात, मग नकाशा कशाला, असं मी पुढे एकदा धीर करून विचारलं. तर शांतपणे म्हणाले, "मी येता येता मेलो तर?"

इतवारीतल्या एका कापडाच्या पेढीवर ते मालाची आवक-जावक पाहत. अहमदाबादेहून, मुंबईहून कापडाच्या गाठी यायच्या. रेल्वेच्या पावतीवरचं, म्हणजे बिल्टीवरचं नाव आणि गाठीवरचं नाव ताडून पाहायचं, जुळलं तर माल सोडवायचा, हातगाडीवर घालायचा आणि दुकानी पोचता करायचा. नावात एका अक्षराचा फरक असला तरी मामाजी गाठीला हात लावत नसत. पेढीचे शेठजी स्वतः येऊन सांगू लागले तरी नाही. तीस वर्षं हेच केल्यावर माणूस आणि गाठ यांत त्यांना फारसा फरक दिसेनासा झाला असावा. पाहुणा 'येत' नसे, मामाजी त्याला 'उतरवून घेत'. घरी आणून बसवला की पाहुण्याचा चहा व्हायच्या आत त्याच्या गावी कार्ड टाकत, 'सुस्थितीत मिळाले.' वर्ध्याच्या एका चुलतभावानं पत्रात दोन ट्रंका आणि एक वळकटी येईल असं कळवलं होतं, आणि उतरला तीन ट्रंका घेऊन. ती तिसरी ट्रंक कोणाची, कशाची आणि पत्रात का नाही, याचा उलगडा होईपर्यंत मामाजींनी त्याला पाऊण तास फलाटावर उभा ठेवला. ट्रंकेत मामाजी आणि मामींसाठीच आणलेलं धोतरजोडी-लुगडं होतं.

गाडीच्या वेळेआधी दोन तास स्टेशनवर पोचायचं, हा त्यांचा नेम. आणि टांगे नेहमी दोन ठरवायचे. एकात पाहुणे आणि मामाजी, दुसरा मागून रिकामा. पहिल्याचं चाक निखळलं, घोडा बसला, टांगेवाल्याला भोवळ आली, तर? एवढ्या वर्षांत यातलं एकदाही काही घडलं नाही, पण दुसरा टांगा कधी चुकला नाही. स्टेशनवरचे टांगेवाले त्यांना 'खाली टांगेवाले मामा' म्हणत, आणि त्या रिकाम्या फेरीसाठी आपसांत भांडत, कारण त्यात घोड्यालाही आराम आणि मालकालाही. पाहुणा समोर आला की मामाजी पहिलं वाक्य एकच बोलायचे. बंडीच्या खिशातून घड्याळ काढायचे, बघायचे, आणि म्हणायचे, "उशीर केला जी तुम्ही." गाडी अगदी वेळेवर आलेली असली तरी. दोन तास आधीपासून तिष्ठत उभ्या असलेल्या माणसाला सगळं जग उशिराच येत असतं.

एवढी जय्यत व्यवस्था असली की तिचा फज्जाही तसाच उडतो. पुतणीच्या लग्नाला काटोलचं वऱ्हाड यायचं होतं. मामाजींनी पाच टांगे अधिक एक रिकामा असे सहा टांगे लावून स्टेशनवर ठाण मांडलं. वऱ्हाडी मंडळी शहाणी, ती सकाळच्या बसनं आली. बसस्टँडवर घ्यायला चिटपाखरू नाही, म्हणून बिचारी नवरदेवासकट, डोक्यावर संत्र्यांच्या टोपल्या घेऊन, सीताबर्डीवरून विचारत विचारत चालत मांडवात पोचली. दुपारी मामाजी सहा रिकामे टांगे घेऊन परतले, तेव्हा वऱ्हाडाची पंगत उठत होती. दुसरा माणूस ओशाळला असता. मामाजींनी मुलाच्या बापाला बाजूला घेतलं आणि तुम्ही असे न कळवता बसनं काहून आले, म्हणून फैलावर घेतलं. त्याला त्यांनी पुन्हा बसस्टँडवर नेऊन रीतसर उतरवून कसं घेतलं नाही, याचंच मला नवल वाटतं.

इथवर सगळं हसण्यासारखं आहे. पण एक गोष्ट मला हसत सांगता येत नाही, आणि ती सांगितल्याशिवाय मामाजी पुरे होत नाहीत.

त्यांना एकच मुलगी, सुमन. माझ्या बायकोची बहिणीसारखी. कॉलेजात तिच्या पुढे दोन वर्षं असलेल्या, डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या रामटेके नावाच्या मुलाशी तिनं लग्न ठरवलं. मुलगा हुशार, शांत, निर्व्यसनी. वडील नागपुरातच इंदोऱ्याला राहणारे, प्राथमिक शाळेत गुरुजी. छप्पन साली घरच्या सगळ्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेली. मुलाबद्दल मामाजींना एकही खोट काढता आली नाही, आणि म्हणून त्यांनी कारणच सांगितलं नाही. ते नुसते बोलायचे थांबले. साऱ्या जगाचा रस्ता ठाऊक असलेल्या या माणसाला महालातून इंदोऱ्याला जायचा रस्ता सापडला नाही. लग्न कचेरीत झालं, साक्षीदारांत मी आणि माझी बायको होतो. चार महिन्यांनी जावयाला विलायतेत इस्पितळात काम मिळालं आणि दोघं निघाली.

त्या दिवशी आम्ही स्टेशनवर त्यांना पोचवायला गेलो होतो. मुंबईची गाडी लागलेली, सुमन खिडकीत, आणि पलीकडच्या फलाटावर, घड्याळाखाली, आमच्याकडे पाठ करून मामाजी उभे. गोंदियाकडून येणाऱ्या कुठल्याशा लांबच्या नातेवाइकाला ते उतरवून घ्यायला आले होते. त्या नातेवाइकाची गाडी यायला अजून दोन तास होते. सुमननं त्यांना पाहिलं. सुमनची गाडी सुटून शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत त्यांनी मान वळवली नाही. मला तेव्हा त्यांचा इतका राग आला होता की पुढे वर्षभर मी त्यांना काही कळवलं नाही आणि चक्क आपल्या पायांनी त्यांच्या घरी जात राहिलो.

नंतरच्या सात वर्षांत मामाजींनी लेकीचं नवं आडनाव एकदाही उच्चारलं नाही. तिची पत्रं यायची ती मामींच्या नावानं. मामी उत्तर लिहायच्या, आणि तोवर आम्हीही नागपुरात राहायला आलो असल्यानं पाकिटावर इंग्रजी पत्ता माझी बायको घालायची. आडनावाची इतकी धास्ती, की रामटेकच्या जत्रेला जाणाऱ्या नातेवाइकांच्या गाड्या ठरवतानाही मामाजी गावाचं नाव घेत नसत. 'मनसरच्या पुढं, गडावर' एवढंच. प्रभू रामचंद्रानं काय घोडं मारलं होतं कोण जाणे.

आणि एके दिवशी सुमनचं पत्र आलं. दोघं कायमची परत येत होती, बोटीनं मुंबईला. तारीख होती, बोटीचं नाव होतं, आणि शेवटी एक ओळ होती: 'घ्यायला कोणी आलं नाही तरी चालेल.' मामींनी पत्र मोठ्यानं वाचलं. मामाजी नेहमीप्रमाणे उठून गेले. पण संध्याकाळी मी गेलो तेव्हा ते पत्र त्यांच्या हातात होतं, आणि ते तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते. घ्यायला कोणी नाही आणि तरी चालेल, असं कोणी त्यांना जन्मात सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी सकाळी माझ्या दारात उभे.

"जावईबापू," ते म्हणाले, "तुम्ही शिकलेले. बोट कोणत्या फलाटावर लागते?"

मामाजींनी समुद्र पाहिलेला नव्हता. फुटाळ्याच्या तलावापलीकडे त्यांचं जलज्ञान जात नव्हतं. पण आता पुढचे दीड महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. बोट-कंपनीला इंग्रजीत पत्र मी लिहिलं, मजकूर त्यांचा. बोट किती मिनिटं थांबते? सिग्नलला बाहेर उभी राहते काय? राहिली तर उतारू मध्येच उतरतात काय? लगेज अगोदर निघते की माणूस? कंपनीनं अशा अकरा प्रश्नांपैकी एकाचंच उत्तर दिलं, की आत येण्याचा पास दारावर मिळेल. मामाजींनी त्याचा अर्थ बाकी दहा गोष्टी कंपनीलाच ठाऊक नाहीत असा घेतला. मग बंदरापासून शहरात आणायच्या गाडीची काळजी लागली. त्या रात्रीचा मुक्काम दादरला माझ्या थोरल्या भावाकडे ठरला होता. मुंबईत रस्त्यावर टॅक्सी उभ्या असतात, हात दाखवला की येतात, असं मी सांगितलं. हात दाखवून येणाऱ्या गाडीत लेकीला बसवायला ती काय वाटेवर पडली आहे काय, असं मला उलट ऐकावं लागलं. वाटेवर सात वर्षं कोणी टाकली होती, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

शेवटी पेढीच्या मुंबईच्या आडत्यानं गिरगावातला एक गाडीवाला शोधून दिला. खाजगी गाडी, ड्रायव्हर ओळखीचा, लांबरुंद, काळी आणि चकचकीत. त्याला पत्र मात्र मामाजींनी स्वतः मराठीत लिहिलं: 'लेक व जावई यांस बंदरावरून मानाने घरी न्यावयाचे आहे. गाडी शोभेशी असावी.' जावई हा शब्द लिहिताना टाक थोडा थांबला होता, शाईचा ठिपका पडलेला मी पाहिला. वर एक राखीव टॅक्सी, मागून रिकामी येण्यासाठी. मुंबईत घोडा बसत नाही, हे मी सांगून पाहिलं. सीताबर्डीच्या पेंटरकडून दोन हात लांब पाटी रंगवून घेतली, वर मराठीत, खाली इंग्रजीत. पाटी पाहिली आणि मी चमकलो. तिच्यावर सुमनचं माहेरचं नाव होतं. मी बोललो नाही. म्हटलं, बघू या म्हातारा काय करतो. आज वाटतं, तो माझा दुष्टपणाच होता.

बोट दुपारी लागायची होती. मामाजी आणि मी सकाळी आठला धक्क्यावर. बाहेर भिंतीशी समुद्राचा एक तुकडा दिसत होता, त्याच्याकडे मामाजींनी एकदा पाहिलं, 'पाणी बरंच आहे' म्हणाले आणि घड्याळ शोधू लागले. बोट चार तास उशिरा आली. उतारू कस्टमच्या मांडवातून एकेक बाहेर येऊ लागले, हमालांच्या डोक्यावर ट्रंका, ट्रंकांवर खडूच्या खुणा. मामाजींनी पाटी छातीशी धरली होती. तासभर माणसं येत राहिली, त्यात सुमन नव्हती. मग मामाजी टेबलाशी बसलेल्या कारकुनाकडे गेले आणि पाटी त्याच्यासमोर उभी धरली. त्यानं यादीवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि मान हलवली. "इस नाम का कोई पॅसेंजर नहीं है."

मामाजींचा चेहरा उतरला. बोट बरोबर आहे, तारीख बरोबर आहे, मी बाप आहे, नागपूरहून आलो आहे, असं सगळं त्यांनी मोडक्या हिंदीत सांगितलं. कारकून कंटाळला होता, पण माणूस वाईट नव्हता. लडकी की शादी हो गई है क्या, त्यानं विचारलं. हो म्हणताच तो म्हणाला, "तो पति का नाम बोलिए ना. लिस्ट में वही होगा."

नाव जुळत नाही तर माल सुटत नाही. तीस वर्षं इतवारीत दुसऱ्यांना ऐकवलेला नियम आता त्यांच्यासमोर टेबल टाकून बसला होता. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगू शकलो असतो. त्यांनीही मला सांगायला लावलं असतं तर मी सांगितलंच असतं. पण त्यांनी टोपी काढली, हातात धरली आणि पुटपुटले, "रामटेके." कारकुनाला ऐकू गेलं नाही, हमाल ओरडत होते. "जरा जोर से." तेव्हा मामाजी एवढ्या मोठ्यानं म्हणाले की मांडवातली माणसं वळून पाहू लागली.

"रामटेके! सुमन रामटेके! माझी पोरगी आहे जी ते!"

यादीत दोन्ही नावं होती. त्यांच्या ट्रंका तपासायच्या बाकी होत्या, एवढंच. मामाजींनी एका हमालाकडून खडू मागितला, जमिनीवर बसले, पाटीवरचं माहेरचं आडनाव आडवं खोडलं आणि वर खडूनं मोठ्या अक्षरांत नवं घातलं. खालच्या इंग्रजीचं मी केलं. सुमन बाहेर आली ती आधी आमच्या समोरून निघूनच गेली, कारण कोणी येईल अशी तिची अपेक्षाच नव्हती. मग थांबली. पाटीकडे पाहिलं, खडूच्या अक्षरांकडे पाहिलं, आणि पाटीमागच्या माणसाकडे. मामाजींचा हात सवयीनं खिशात गेला. घड्याळ काढलं आणि म्हणाले, "उशीर केला वं पोरी." उभ्या जन्मात पहिल्यांदा ते वाक्य खरं ठरलं होतं. ती हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू आवरेना. जावई वाकले, तर मामाजींनी त्यांना मधेच धरलं आणि किती ट्रंका, असं विचारलं.

बाहेर गाडी उभी होती. आणि ती गाडी पाहून मी कपाळाला हात लावला. पुढून मागून झेंडूच्या माळा, बॉनेटवर गुलाबांचं तोरण, आरशाला मोगऱ्याचा गजरा. गिरगावातला तो गाडीवाला लग्नाच्या वरातीला गाड्या देणारा होता. लेक, जावई, मानाने, शोभेशी, एवढं वाचून त्यानं त्याला कळलं ते केलं. घोटाळा कळताच ड्रायव्हर खजील झाला आणि माळा उतरवायला धावला. मामाजी गाडीकडे बघत राहिले. सुमनच्या लग्नाला गाडी नव्हती, फुलं नव्हती आणि ते नव्हते. मग त्यांनी ड्रायव्हरचा हात धरला. "राहू दे गा," ते म्हणाले. "राहू दे तसंच." तेव्हा मुंबईच्या रस्त्यानं सात वर्षांची जुनी नवरानवरी फुलांच्या गाडीतून गेली, पुढे ड्रायव्हरशेजारी मांडीवर पाटी घेतलेला बाप, आणि मागून एक रिकामी टॅक्सी. लोक थांबून बघत होते. मी त्या टॅक्सीत बसतो म्हटलं, तर मामाजींनी बसू दिलं नाही.

मामाजी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. टांगेही गेले. पण मुंबईहून निघून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नागपूरला उतरलो तेव्हाचं मला सगळं आठवतं. ट्रंका पार्सलनं मागून येणार होत्या. स्टेशनबाहेर दोन टांगे, एक आमच्यासाठी, एक रिकामा. टांगेवाला महालाकडे घोडा वळवू लागला, तर सुमन हळूच म्हणाली, "बाबा, आधी तिकडं जायला पाहिजे." ते बरोबरच होतं. सासरचा उंबरा आधी. पण मामाजींच्या कागदावरची सगळी व्यवस्था महालात संपत होती, तिथे मामींनी सकाळपासून पुरण शिजवून ठेवलं होतं. त्यांनी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि टांगेवाल्याला इंदोरा म्हणाले.

गुरुजींनी मधल्या काळात वस्तीच्या मागच्या अंगाला नवं घर बांधलं होतं. ते जावयांनीही पाहिलं नव्हतं. तिसऱ्या गल्लीपाशी टांगा अडला. जावई विचारायला खाली उतरू लागले, तर मामाजी म्हणाले, "तुम्ही बसा जी. हे माझं काम आहे." आणि नळावर पाणी भरणाऱ्या एका बाईजवळ जाऊन, ज्यानं जन्मात कोणाला रस्ता विचारला नव्हता त्या माणसानं टोपी नीट करत विचारलं, की रामटेके गुरुजींचं घर कुठं आहे. बाईनं कोपऱ्याकडे बोट दाखवलं. ते पाहा ना, म्हणाली, पोरगा-सून येणार अशी तार आली म्हणून दुपारपासून तिथंच उभे आहेत.

पांढरं धोतर, पांढरा सदरा, काखेत छत्री घेतलेला एक म्हातारा कोपऱ्यावर उभा होता. तो लगबगीनं आला. मुलाकडे, सुनेकडे त्यानं नंतर पाहिलं. आधी मामाजींसमोर उभा राहिला, हात जोडून जयभीम म्हणाला, आणि दुपारपासून उभ्या माणसाच्या सुरात म्हणाला, "उशीर केला जी तुम्ही."

मामाजींनी सवयीनं घड्याळ काढलं. गाडी अगदी वेळेवर आली होती. त्यांनी काट्यांकडे पाहिलं, घड्याळ परत खिशात ठेवलं.

"हो जी," ते म्हणाले. "झाला."

मागचा रिकामा टांगा तोवर येऊन थांबला. मामाजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि मला हाक मारली. "जावईबापू, हा टांगा घेऊन महालात जा. तिले घेऊन या, पुरण पण घेऊन या. आणि वाट सापडली नाही तर कोणालेही विचारा."

अंधार पडायच्या सुमारास मी परतलो. टांग्यात मामी होत्या, मांडीवर पुरणाचं पातेलं होतं, आणि माझ्या आठवणीत तो दुसरा टांगा तेव्हा पहिल्यांदा भरून आला.